पॅरिसच्या ग्रंथालयाची काच आणि आपला नकाशा

पॅरिस

ती. आबांना सा. न.

वाचनालयाच्या नव्या इमारतीचा नकाशा मिळाला. पश्चिमेची दर्शनी भिंत अख्खी काचेची, पुस्तकांचं दालन वरच्या मजल्यावर आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी! इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातही पुस्तकं काचेत आणि उंचावर आहेत. ती सांभाळायला काय काय करावं लागलं, ते जोत्याचं काम सुरू होण्याआधी समितीला वाचून दाखवा.

सेन नदीच्या डाव्या काठावर वास्तुकार दोमिनिक पेरो यांनी बांधलेली ही इमारत. १९८९ साली त्यांनी तिच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. चार कोपऱ्यांत ७९ मीटर उंचीचे चार काचेचे मनोरे, काटकोनात उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकांसारखे. मधोमध खोल बाग आणि तिच्याभोवती खाली वाचनदालनं. म्हणजे माणसं खाली, पुस्तकं वर. आराखडा जाहीर झाला तेव्हाच अभ्यासकांनी ओरड केली, कारण उन्हाने कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि काचेआड उष्णता कोंडते. शेवटी मनोऱ्यांची उंची कमी केली, बराच साठा खालच्या चौथऱ्यात हलवला आणि काचेच्या आतून लाकडी झडपा बसवल्या. काच लावायची आणि मग तीच झाकायची, असा दुहेरी खर्च. शिवाय भांडारात १८ अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता रात्रंदिवस राखावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हे कोण राखणार? म्हणून पश्चिमेला काच नकोच. जाड भिंत, वर खोल छज्जा, आणि मोठ्या खिडक्या उत्तरेला, वाचकांच्या टेबलांजवळ.

पुस्तकं वर ठेवण्याला मात्र माझा विरोध नाही. चिपळूणला २०२१च्या पुरात वाचनालयाच्या पुस्तकांचं काय झालं ते तुम्ही जाणताच. फक्त त्याची किंमत स्लॅबमध्ये मोजावी लागेल. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो भार धरून करतात. भारतीय मानकानुसार पुस्तकांच्या दालनाला, रॅक २.२ मीटर उंच असतील तर, ६०० किलो धरावे लागतात आणि त्यापुढे उंचीच्या दर मीटरला आणखी २००. आपलं दालन ६ बाय ५ मीटरचं, म्हणजे १८ टन. हा आकडा इंजिनिअरकडून नकाशावर लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार घराचीच सळई वापरेल. स्लॅब वाकला की आधी रॅकचे सरकते दरवाजे अडकायला लागतात, भेगा नंतर दिसतात. रॅक कधीही २.२ मीटरच्या वर नेऊ नका.

आता टाकी. इथे २०१४च्या जानेवारीत एका मनोऱ्यात पाइपातून गळती होऊन हजारो पुस्तकं भिजली. नदी राहिली बाजूला, पाणी आलं इमारतीच्या आतूनच. टाकी जिन्याच्या छतावर हलवा. दालनाच्या छतातून किंवा भिंतीतून एकही पाइप नको, शौचालयाची भिंतही सामाईक नको. रॅक आणि भिंतीत वीतभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी वेळेत दिसेल. सर्वांत खालचा कप्पा फरशीपासून निदान १५ सेंटिमीटर वर असावा.

तरीही पुस्तकं भिजलीच, तर उन्हात उघडून वाळवू नका, पानं वेडीवाकडी होतात आणि शाई फुटते. साधारण ४८ तासांत बुरशी धरते, आणि गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. मिटलेलं पुस्तक तसंच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोठवायचं. मग वाळवणीला सवड मिळते, थोडी थोडी काढून पंख्याखाली वाळवता येतात. इथे गोठवून निर्वात यंत्रात वाळवतात. आपल्याकडे बंदरावर मासळीचं शीतगृह आहे. त्याच्या मालकाशी आत्ताच बोलून ठेवा, पाऊस लागल्यावर नको.

टाकीची जागा बदललेला नकाशा आला की पाठवा. बीमची मापं मी तपासून देईन.

तुमचा,
सुहास