महागाईची यादी आणि आपला हिशेब

सिंगापूर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, ‘सिंगापूर जगातलं सर्वांत महाग शहर’ ही तुम्ही पाठवलेली बातमी खोटी नाही. २०२३ मध्ये ईआययू या ब्रिटिश संशोधन संस्थेच्या महागड्या शहरांच्या यादीत सिंगापूर आणि झुरिक दोघं मिळून पहिले होते. पण परदेशी पाठवायच्या माणसाला पगार किती द्यायचा, हे ठरवायला कंपन्या ती यादी वापरतात. त्यात गाडी येते, खासगी शाळेची फी येते. तुम्ही इथे राहायला आलात तरी तुम्हाला दोन्ही लागणार नाहीत.

गाडीचंच बघा. आधी सीओई नावाचा परवाना लिलावात बोली लावून घ्यायचा, तोही दहाच वर्षांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांसाठी तो दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला होता, गाडीची किंमत वेगळी. बेट लहान, म्हणून गाड्या मुद्दामच महाग ठेवल्यात. बस-मेट्रो मात्र उत्तम, आणि हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, पाच-सहा डॉलरांत पोटभर जेवण होतं.

कारभार चांगला म्हणजे राहणं स्वस्त, असं नाही. भ्रष्टाचाराच्या २०२४ च्या जागतिक निर्देशांकात डेन्मार्कला १०० पैकी ९० गुण, सिंगापूरला ८४, भारताला ३८; जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार. पण या दोन स्वच्छ देशांचे हिशेब अगदी उलटे. डेन्मार्कमध्ये खरेदीवर २५ टक्के व्हॅट, मोठ्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त कर, पण रहिवाशाला हॉस्पिटलचं बिल येत नाही. इथे जीएसटी ९ टक्के, आयकर फार तर २४. बिल ज्याचं त्याने भरायचं. सरकारी सवलत आहे, पण ती नागरिकांना आणि कायम रहिवाशांना.

तुम्ही येणार लाँग टर्म व्हिजिट पासवर. त्यासाठी माझा पगार महिना १२,००० डॉलर हवा, तो आहे. काळजी आहे ती औषधपाण्याची. साध्या सरकारी पॉलिक्लिनिकमध्येही परदेशी माणसाचा दर वेगळा असतो. आईची शुगरची तपासणी जमेल, पण अँजिओप्लास्टी करावी लागली तर पूर्ण बिल आपल्यावर. तुमच्या वयाला इथला विमा महाग, आणि आधीचे आजार तो बहुतेक वगळतोच.

म्हणून आई, मेडिक्लेमचा हप्ता अजिबात चुकवू नकोस. पॉलिसी एकदा बंद पडली की जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्यांचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून, तोही तीन वर्षांपर्यंत. बाबा, तुम्हाला सत्तर पूर्ण झालीत, तेव्हा सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, मेडिक्लेम असला तरी चालतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. वय आधारवरून धरतात, म्हणून तिथली जन्मतारीख आणि मोबाइल नंबर आधी तपासा. नंबर जुना असेल तर ओटीपी येणार नाही.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडेच उरकून घ्या. तारीख कळली की मी पासचा अर्ज भरते.

तुमची,
मीनू