काडतुसांची भावकी लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

यात्रेची स्मरणिका छापून आली. आजोबांच्या रायफलीवरचा माझा लेख त्यात आहे आणि '३१५ म्हणजे मान फुगवलेली थ्री-नॉट-थ्री' हे वाक्य त्यात नाही. (दोन्ही काडतुसांची नावं; मान म्हणजे पुंगळीचा गोळी धरणारा निमुळता भाग.) ते गेलं तुमच्यामुळे. नाहीतर गावभर छापील खोटं वाटून बसलो असतो.

आमच्या घरात ही कथा पिढीजात. इंग्रजांनी इथल्या लोकांना लष्करी बोअरची, म्हणजे लष्करी नळीच्या मापाची, रायफल बाळगायला बंदी केली, मग कुणीतरी शक्कल लढवून थ्री-नॉट-थ्रीच जरा रुंद केली, असं आजोबा सांगायचे. बंदीची गोष्ट खरी. पुढचं आम्हीच चिकटवलेलं.

तुम्ही वाद घातला नाहीत. बिस्किटाच्या डब्यातल्या तिन्ही रिकाम्या पुंगळ्या पेपरवर ओळीनं उभ्या केल्या आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, माझ्या हातात दिला. मी तो पुंगळीच्या तोंडाला लावायला गेलो, तर माझं मनगट धरून खाली नेलंत. "तोंड कुणीही दाबतं, फुगवतं. बूड बघ. बूड बदलायचं म्हणजे सगळी हत्यारं नवी." खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म गेलेला माणूसच असं बोलणार.

मापं घेतली. बुडाशी बाहेर आलेल्या काठाच्या लगेच वर थ्री-नॉट-थ्री साधारण ११.७ मिलिमीटर, ३१५ साधारण १२.५. लांबी एकीची ५६, दुसरीची ५०. मान फुगवून बूड जाड होत नाही. माझी कथा तिथेच बसली.

मग तुम्ही ३१५चं माहेर सांगितलंत: ऑस्ट्रियाची ८ मिलिमीटर मान्लिखर, १८८८ची. थ्री-नॉट-थ्रीची ली-मेटफर्डही १८८८चीच. दोन्ही काठवाल्या, दोन्ही सुरुवातीला काळ्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या. चेहरे जुळतात ते वेळ एकच आली म्हणून. फ्रान्समध्ये व्हिएय यांनी १८८४मध्ये बिनधुराची दारू काढली, १८८६मध्ये लेबेल रायफल आली आणि युरोपभर धावपळ उडाली. खरी वंशज बघायची तर लेबेलचीच गोळी: जुन्या ११ मिलिमीटर ग्रा रायफलीच्या पुंगळीचं बूड ठेवून वरचा भाग आवळलेला. म्हणून तिचा आकार इतका बेढब, हे तुम्ही पेन्सिलीनं काढून दाखवलंत. तो कागद मी जपून ठेवलाय.

पण मला खरा धक्का दिला तिसऱ्या पुंगळीनं. बाबांच्या सैन्यातल्या एसएलआर रायफलीची, ७.६२ मिलिमीटरची. बूड बारा मिलिमीटरच्या आसपास. "ही जर्मन," तुम्ही म्हणालात आणि मी हसलो. मग तुम्ही पायऱ्या उतरत गेलात. नाटोची ७.६२ अमेरिकेची, तिच्याआधी १९०६ची थर्टी-नॉट-सिक्स, त्याआधी १८९८मध्ये क्यूबात अमेरिकी सैनिकांवर झडलेल्या स्पॅनिश ७ मिलिमीटर माउझर रायफली, ज्यांच्या धर्तीवर अमेरिकेनं १९०३ची रायफल केली आणि माउझरला रॉयल्टीही मोजली, आणि सगळ्यांच्या तळाशी जर्मनीचं १८८८चं बिनकाठाचं काडतूस. मान, खांदा, लांबी, सगळं बदलत गेलं. बूड जवळजवळ तेच.

मी लगेच लिहायला घेतलं, तर पुन्हा मनगट धरलंत. स्वीडनची ६.५ मिलिमीटरही बारा-सव्वाबाराचीच, पण ती या घरातली नाही. माप जुळलं की नातं असू शकतं, एवढंच. बाकी कागदावर बघायचं. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत आडनाव सापडलं तरी चुलते गावाचं नाव विचारतात, तसंच हे. लेखात म्हणून 'बहुधा' हा शब्द दोनदा आलाय. संपादकांनी एक काढला, मी परत घातला.

काका, तुमचे आभार मानायला हे सगळं पुन्हा सांगायची गरज नव्हती. पण तुम्ही दोन दुपारी माझ्यावर घालवल्यात, गुडघा दुखत असताना. ते नुसत्या 'धन्यवाद'मध्ये बसवणं मला जमेना.

व्हर्नियर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी स्मरणिकेच्या दोन प्रती आणि काकूंसाठी यात्रेचे पेढे घेऊन येतो, तेव्हा परत करतो.

आपला,
बिस्किटाच्या डब्यावाला