पट्टी बांधून वाचन: आधी चाचणी घ्या, मग फी भरा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या खान्देशात मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे, म्हणजे मेंदूतला मिडब्रेन नावाचा भाग 'चालू' केला की मुलं डोळे बांधून वाचतात म्हणणाऱ्या क्लासचे, बॅनर दिसायला लागतात, अगदी जळगाव-भुसावळपासून ते शहादा-तळोद्यापर्यंत, आणि आता तर शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओच येऊन पडतात. स्टेजवर एका मुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात, तो हातातल्या कार्डाचा रंग सांगतो, पेपरातली बातमी वाचतो, नोटेवरचा नंबर सांगतो, टाळ्या पडतात आणि लगेच बाहेर टेबलावर फॉर्म भरायला गर्दी होते. फी पाच आकडी. कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आले की त्यातून ही फी भरणारे आईबाप मी रोज बघते. मी ज्युनिअर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते त्यामुळे पालक मला विचारतात, "मॅडम, पोरगं खरंच डोळे बांधून वाचू राहिलं ना, मग खोटं कसं म्हणता?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा तुमच्या पेपरातून सगळ्यांशीच बोलावं म्हणून हे पत्र.

आधी हा मिडब्रेन म्हणजे काय ते बघू. मराठीत मध्यमेंदू. मोठ्या मेंदूच्या खाली, मेंदू मणक्यातल्या मज्जारज्जूला जोडला जातो त्या भागात असलेला जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा. डोळे इकडेतिकडे फिरवणं, उजेड पडला की बाहुली बारीक करणं, मागून आवाज आला की तिकडं पटकन मान वळणं, अशी कामं त्याच्या मदतीनं चालतात. डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या काही पेशी इथंच असतात आणि त्या मरत गेल्या की पार्किन्सनचा कंप सुरू होतो. अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर त्याच्या डोळ्यात टॉर्च मारून बाहुली बारीक होते का बघतात ना, ती तपासणी याच भागाची असते. म्हणजे तुमच्या मुलाचा मिडब्रेन चालूच आहे, जन्मल्यापासून चालू आहे, तो बंद असता तर पोरगं क्लासला नाही तर आयसीयूत असतं.

राहिलं वाचायचं. वाचायला उजेड डोळ्याच्या पडद्यावर पडावा लागतो, तिथून साधारण दहा लाख तंतूंची एकेक नस निघते, सिग्नल आधी मेंदूच्या आतल्या थॅलॅमस नावाच्या भागात (हा मिडब्रेन नव्हे) आणि तिथून पार डोक्याच्या मागच्या बाजूला जातो, तेव्हा कुठं अक्षर दिसतं. उजेडच अडवला तर पुढं जायला काहीच नाही. मग स्टेजवरचं पोरगं वाचतं कसं? नाकाच्या दोन्ही बाजूंनी पट्टी चेहऱ्याला चिकटत नाही, तिथं फट राहते आणि त्या फटीतून खाली बघितलं की हातातला कागद स्वच्छ दिसतो. तुम्ही घरी ओढणी बांधून बघा, दोन मिनिटांत कळेल. म्हणून तर ही मुलं कागद छातीजवळ, नाकाच्या सरळ रेषेत धरतात आणि मान थोडी वर करतात. त्याच कागदाला हनुवटीच्या खाली पुठ्ठा आडवा धरून झाका, वाचन थांबतं.

आणि साहेब, हे खरं असतं तर सगळ्यात आधी ते अंध मुलांच्या शाळेत पोचायला नको होतं का? ज्यांचा डोळा किंवा नस गेली आहे त्यांना पट्टीशिवायच दिसत नाही, त्यांना दोन दिवसांत वाचता आलं असतं तर जगभरातल्या डॉक्टरांनी ती विद्या डोक्यावर घेतली असती. पण या क्लासच्या जाहिरातीत डोळस मुलंच असतात.

पट्टी बांधून दावा तपासायची पद्धत काही आजची नाही. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या 'प्राणि-चुंबकत्वा'चं फार वेड होतं, नुसत्या हातवाऱ्यांनी रोग बरे करतो म्हणायचे, तेव्हा सोळाव्या लुई राजानं चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड मेस्मरच्या पद्धतीनं 'भारलं' आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांकडं नेलं. तो एकेका झाडाला बिलगत गेला आणि चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला, पण ते झाड भारलेलं नव्हतंच, भारलेलं झाड लांब राहिलं. मुलगा नाटक करत होता असं नाही, त्याला मनापासून वाटलं की आता आपल्याला काहीतरी होणार आणि म्हणून ते झालं. अपेक्षेनं शरीरावर केवढा परिणाम होतो हे तिथं उघड झालं, आजही नवं औषध तपासताना काही पेशंटना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी देतात ती त्याचसाठी.

दुसरी गोष्ट हान्स घोड्याची. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जाणाऱ्या आपल्या माणसांना ती लगेच पटेल. बर्लिनला एका निवृत्त गणित शिक्षकाचा हा घोडा बेरीज-वजाबाकी विचारली की खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. मोठमोठे लोक बघून गेले, कुणाला लबाडी सापडली नाही कारण मालक लबाडी करतच नव्हता. शेवटी मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी एक साधी गोष्ट केली, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असं केलं आणि लगेच घोडा चुकायला लागला. विचारणारा माणूस बरोबर आकड्याला नकळत मान किंचित हलवायचा आणि घोडा ते बघून खूर थांबवायचा. दारात नंदीबैल येतो आणि पाऊस पडेल का विचारलं की मान डोलावतो, त्यात मालकाची खूण असते हे आपण लहानपणापासून जाणतो. हान्सच्या बाबतीत मालकालाही आपली खूण माहीत नव्हती एवढाच फरक. फुंग्स्ट यांनी १९०७ साली हे छापलं आणि तेव्हापासून शिकवतात की ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं चाचणीच्या वेळी समोर उभं राहू नये.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की क्लासवाल्यांची चाचणी कशी घ्यायची ते आपोआप कळतं, त्याला कुठली मोठी लॅब लागत नाही. पोहायचा चष्मा घ्या, आतून काळ्या टेपनं पूर्ण बंद करा, तो क्लासच्या माणसानं बांधायचा नाही, आपण बांधायचा. पाच रंगांची पाच कार्डं, चिठ्ठी काढून रंग ठरवायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची, असं वीस वेळा. चिठ्ठी काढणारा पडद्यामागं राहील आणि मुलाजवळ कार्ड धरणाऱ्यालाही रंग दिसणार नाही असं करा. नुसत्या अंदाजानं वीसपैकी साधारण चार बरोबर येतात, पाच-सहा आले तरी त्यात विशेष काही नाही. बारा किंवा जास्त मात्र नुसत्या नशिबानं दहा हजारात एखाद्या वेळीच येतील, म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवा की बारा किंवा जास्त आले तर मान्य, कमी आले तर फी परत. आधी लिहिणं फार महत्त्वाचं, नाहीतर नंतर "आज मुलाचा मूड नव्हता", "तुमच्या निगेटिव्ह एनर्जीनं झालं" सुरू होतं.

मग पालक म्हणतात की बाकीचं सोडा, पण क्लासनंतर मार्क तर वाढले ना. इथंच सगळ्यात जास्त गल्लत होते. मुलाला क्लासला कधी घालतात? घटक चाचणीत एकदम कमी मार्क पडले की. एखादी परीक्षा नेहमीपेक्षा खूपच वाईट गेली तर पुढची बहुतेक वेळा आपोआप बरी जाते, कारण त्या दिवशी ताप असेल, झोप नसेल, नेमका न वाचलेला धडा आला असेल, हे सगळं पुन्हा एकाच वेळी जुळून येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबापांची आणि मुलांची उंची मोजून दाखवलं की टोकाचं माप पुढच्या खेपेला सरासरीकडं सरकतं, मार्कांचंही तसंच. शिवाय एवढी फी भरल्यावर आईबाप घरात टीव्ही बंद ठेवतात, शेजारी बसून अभ्यास घेतात. मग वाढ कशानं झाली? ते कळायला तशीच दुसरी मुलं पाहिजेत, त्यांच्याकडंही घरी तेवढंच लक्ष दिलेलं पण क्लास न लावलेला, आणि कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. असा पुरावा एकाही क्लासनं मला आजपर्यंत दाखवला नाही, मी मागितला तरी.

बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी ही याचीच बहीण. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तयार व्हायला लागतात हे खरं, पण अमुक बोट म्हणजे मेंदूचा अमुक भाग आणि त्यावरून पोरगा इंजिनिअर होणार की गायक, याला काही आधार नाही. मग तो रंगीत रिपोर्ट एवढा पटतो का? १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा' म्हणून रिपोर्ट दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. सगळ्यांचा रिपोर्ट शब्दन्‌शब्द एकच होता, भविष्याच्या पुस्तकातली वाक्यं जोडून केलेला! 'तुमच्यातली बरीच क्षमता अजून वापरली गेलेली नाही' असलं वाक्य कुणाला लागू होत नाही सांगा.

मला सगळ्यात जास्त त्रास पैशाचा होत नाही, मुलांचा होतो. आठ-दहा वर्षांचं लेकरू, पहिल्या दिवशी त्याला पट्टीखालून दिसतं, ते प्रामाणिकपणे सांगतं की सर मला खालून दिसतंय, सर म्हणतात तेच तर ॲक्टिव्हेशन आहे. मग स्टेजवर आईबाप डोळे पुसतायत, आजी दृष्ट काढते, मामाच्या गावी सगळ्यांसमोर करून दाखव म्हणतात. आता ते लेकरू खरं कुणाला सांगणार? त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते की खरं बोललं तर आईचं तोंड उतरेल, फी वाया गेली म्हणून बाप चिडेल. हे ओझं घेऊन ते शाळेत येतं आणि काही मुलं मग कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नाहीत. पालकांनो, मुलाला रागावू नका, त्याला जवळ घेऊन एवढंच सांगा की तुला दिसत होतं तरी आम्ही रागावणार नाही.

ज्या हॉलमध्ये हे सेमिनार होतात त्याच हॉलमध्ये मुलांना मेंदूचं खरं ज्ञान देता येतं आणि ते फुकटात होतं. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी वरून सोडा, मुलानं चिमटीत पकडायची, वीस सेंटिमीटरला पकडली तर त्याला साधारण ०.२ सेकंद लागले. डोळ्यानं बघितलं, मेंदूनं हुकूम दिला, तो मज्जारज्जूतून बोटापर्यंत गेला, या सगळ्याला वेळ लागतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या नसेतल्या संदेशाचा वेग मोजला तो सेकंदाला साधारण २७ मीटर भरला, तोपर्यंत तो मोजताच येणार नाही असं मोठे मोठे शास्त्रज्ञ म्हणायचे. आधी डावा हात घ्यायचा की उजवा, सरावानं फरक पडतो का, तो कसा वगळायचा, हे प्रश्न आठवीची पोरं स्वतः विचारतात, मी बघितलंय.

आणि आपल्या भागात तर हे ज्ञान जीव वाचवतं. कपाशीवर मारायची बरीच औषधं ऑर्गनोफॉस्फेट जातीची असतात. शास्त्रज्ञ ऑटो लोव्ही यांनी १९२१ साली दोन बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवलं की नस आपला निरोप रसायनातून देते, ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. निरोप देऊन झाला की एक एन्झाइम त्याला तोडतं. ऑर्गनोफॉस्फेट नेमकं त्या एन्झाइमलाच बंद पाडतं, मग निरोप थांबतच नाही, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडकतो. २०१७ साली यवतमाळकडं फवारणी करताना माणसं गेली ती आपण सगळ्यांनी पेपरात वाचली. फवारणी करताना ही लक्षणं दिसली तर कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा, तिथं ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध असतं. शेतकऱ्याच्या मुलीला मज्जासंस्थेचा एवढा धडा नीट आला तर ती बापाला वाचवू शकते.

कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला मानसशास्त्र विभाग १९१६ साली सुरू झाला आणि त्याच साली आपल्या अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभी राहिली. मनाचा विचार करायची परंपरा आपल्या मातीत आहे, म्हणून विनंती करावीशी वाटते. मुख्याध्यापकांनी असल्या सेमिनारला शाळेचा हॉल देऊ नये आणि ग्रुपवर व्हिडिओ टाकू नये. आपल्या कॉलेजांच्या मानसशास्त्र विभागांनी सुट्टी लागायच्या आधी गावोगाव वरची चष्म्याची चाचणी जाहीर करावी, क्लासवाल्यांना सन्मानानं बोलवावं, माझ्या कॉलेजातर्फे चष्मे आणि कार्डं मी देते. आणि संपादक साहेब, तुम्हाला एकच, या क्लासची जाहिरात आली तर ती जाहिरात म्हणून चौकटीत छापा, बातमीसारखी मांडू नका, कारण पेपरात आलंय म्हटलं की गावाकडं लोक पुढं काही विचारत नाहीत.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक शिक्षिका
ता. पारोळा, जि. जळगाव