सगळ्यांना पाचच वर्षं

सोलापूर
रविवार

चि. रेणू,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत "जेवलीस का"वर येऊन थांबतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला.

हुरड्याच्या दिवशी तुझ्या जुन्या धान्यांच्या पीएचडीवरून नाना जे बोलला ते तुला लागलं. तू आगटीजवळून उठून विहिरीकडे गेलीस तेव्हा मी मागोमाग येत होतो, अक्कानं खुणेनं थांबवलं. "आमच्याच रानात बसून आम्हालाच सांगते ज्वारी आफ्रिकेतली म्हणून. आणि समजा असली, तर त्याचा उपयोग काय?" पहिल्या वाक्यावर तू त्याला व्यवस्थित उत्तर दिलंस. दुसऱ्यावर गप्प बसलीस. तेव्हापासून ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय.

पहिल्याबद्दल तू निर्धास्त राहा. ती सुदानची गोष्ट मी आईला आणि अक्काला परत सांगितली, जमेल तशी. पाच हजार वर्षांपूर्वीचा कुंभार मातीत ज्वारीचं तूस मिसळतो, मडकं भाजताना तूस जळून जातं आणि मातीत त्याचा ठसा राहतो. त्या ठशांवरून तिथल्या लोकांनी ज्वारी पिकवायला घेतली होती हे ओळखता आलं, आणि तिथून पुढं कधीतरी, इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या सहस्रकात, ती आपल्याकडं आली असावी. अक्का म्हणाली, "मग आधी इथं लोक काय खायचे?" बघ, तिला प्रश्न पडला. नानालाही मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, शेंगा दक्षिण अमेरिकेतल्या, मिरचीही अमेरिकेतली, मग आपली शेंगाचटणी परकी का? त्यात आपला काय कमीपणा? दाणा बाहेरून आला असेल, पण पिढ्यान् पिढ्या चांगलं कणीस बियाण्याला राखत, नुसत्या काळ्या रानातल्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी इथल्याच लोकांनी केली. ते कष्ट कुणी आफ्रिकेतून आणून दिले नाहीत. नाना काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त छळतो, कारण खरं सांगायचं तर नानानं विचारला तो आणि मी मनात विचारतो तो, हे दोन वेगळे आहेत. मला उपयोगाची शंका नाही. मला भीती आहे ती तुझ्या फेलोशिपच्या पाच वर्षांची. ते मी या पत्रात काढणार नव्हतो.

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रावर मी इतकी वर्षं काढली. एक वाण दुसऱ्यापेक्षा बरा आहे एवढं एक वाक्य लिहायला काय काय करावं लागतं ते तिथं बघितलं. एकच वाण वेगवेगळ्या ठिकाणी पेरायचा, आणि कुठला प्लॉट कुठं हे आपल्या मनानं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला यायला नको. काढणीला काठाच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण काठावरच्या ज्वारीच्या ताटाला ऊन आणि ओल जास्त मिळते, ते उगाच जोमदार दिसतं. कणीस फुलोऱ्यात यायच्या आधी त्यावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे दुसरीकडचे परागकण बसत नाहीत. शेवटी हजार दाणे मोजून त्यांचं वजन घ्यायचं. तू चौथीत असताना सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस. परातीत दाणे ओतून दहा-दहाच्या ढिगल्या लावायचीस. साहेबांनी तुझे दाणे परत मोजले तेव्हा ९९९ भरले आणि तू रडायला लागलीस, आठवतं? तो एक दाणा परातीच्या काठाखाली सापडेपर्यंत कुणाचं ऐकलं नाहीस. मी तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं की ही पोरगी कुठल्यातरी कामात स्वतःला गाडून घेणार.

रब्बीची ज्वारी वर्षातून एकदाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, फेब्रुवारी-मार्चात काढणी. पावसानं दगा दिला की ते वर्ष गेलं. रजिस्टरात एवढंच यायचं की पीक हाती लागलं नाही, आणि तीही ओळ जपून ठेवायची, कारण पुढच्या माणसाला ती लागते. म्हणजे पाच वर्षांत संधी पाच, त्यातल्या एक-दोन दुष्काळात जाणार. नवा वाण शेतकऱ्याच्या हातात पडायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. तिकडं केगावच्या डाळिंब केंद्रावर संतोष बघतो ती तऱ्हा वेगळी. डाळिंबावर तेल्या रोग आला की सांगोल्याचा बागायतदार त्याच बहरात उत्तर मागतो. फळावर तेलकट डाग पडून ते तडकायला लागलं की त्याला पुढच्या वर्षीचा निष्कर्ष नको असतो. संतोषला कुणी उपयोग विचारत नाही. विचारू नयेच. पण एकाला विचारायचं नाही आणि दुसऱ्याला रोज विचारायचं, हे मला पटत नाही.

गेल्या वर्षी तू मला डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाच्या विभागात घेऊन गेलीस ना, ते अजून डोळ्यांपुढं आहे. कपाटांत कागदाच्या चिठ्ठ्या, कोटीच्या घरात. शब्द, तो कुठल्या ग्रंथात आला, कुठल्या ओळीत, तिथं त्याचा अर्थ काय. काम सुरू झालं १९४८ साली. छापून इतके खंड झाले तरी अजून 'अ'च चाललाय. मला घेरी आल्यासारखं झालं होतं. त्याच दिवशी तू भांडारकर संस्थेचं सांगितलंस. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, १९१९ ते १९६६, १२५९ हस्तलिखितं ताडून. एका पोथीत श्लोक आहे, दुसरीत नाही, तिसरीत दोन शब्द वेगळे. तर जुना पाठ कुठला असेल? संपादक सुकथनकरांनी इतकी वर्षं ते काम चालवलं आणि १९४३ साली ते गेले, पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. हे ऐकून तुझे डोळे चमकले होते, आणि माझ्या पोटात गोळा आला होता. तुला कारण कळलं असेल.

कारण तुझी फेलोशिप पाच वर्षांची आहे. दोन जेआरएफची म्हणजे ज्युनियरची, तीन एसआरएफची म्हणजे सीनियरची. ज्याला उत्तर एका बहरात मिळतं त्यालाही पाच, ज्याला पोथ्या ताडायच्यात त्यालाही पाच, आणि जी खड्ड्यातली माती पाण्यात घालून जळकी धान्यं वर काढते तिलाही पाचच. गणितातला माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतो, त्याला एखाद्या दिवशी सकाळी सुचेलही. तुला आधी उत्खनन व्हायला हवं, त्याला परवानगी हवी, पावसाळ्यात काम बंद, मग माती आली की ती पाण्यात ढवळायची, वर तरंगलेलं बारीक चाळणीत धरायचं, सावलीत वाळवायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा. वर्ष कसं जातं ते मला कळतं, म्हणून तर भीती वाटते. तुझी तीन संपली.

दिवाळीपासून पैसे आले नाहीत हे तू आईला सांगितलंस, मला नाही सांगितलंस. मी रागावलो नाही. पण घरभाडं कसं देतेस, मेस चालू आहे का, एवढं तरी कळव.

विषय भरकटला. सांगायचं होतं ते हे, की संशोधनाला एकच गज लावून चालत नाही हे मला आता कुठं नीट कळायला लागलंय, आणि ते तुझ्यामुळं. आपण कुडलला गेलो होतो, भीमा-सीनेच्या संगमावर, तू बी.एस्सी.ला होतीस. शके ९४० चा शिलालेख, म्हणजे इ. स. १०१८. हे जो वाचेल तो विजयी होईल, असं हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मराठीत दगडावर कोरून ठेवलं. आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. ते कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. नोकरी सांभाळून गावोगाव फिरायचे, देवळातले, बांधावरचे दगड बघायचे, ठसे घ्यायचे. त्यांना कुणी फेलोशिप दिली नाही, आणि कुणी मुदतही घातली नाही. असं मनात आलं की मला धीर येतो. मग वाटतं, त्यांना निदान नोकरी होती. बघ, परत तिथंच आलो.

आणि दा. ध. कोसंबींचं तू सांगितलेलं मी किती जणांना ऐकवलंय. मूळचा माणूस गणिताचा, आणि जुनी आहत, म्हणजे ठोकून छाप उठवलेली, नाणी तराजूत घालून बसायचा. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन उतरतं. म्हणजे हजारो नाण्यांची वजनं नीट मांडली की कुठली जास्त फिरली, कुठली जुनी, हे आकडेच सांगायला लागतात. गणित कुठं संपलं आणि इतिहास कुठं सुरू झाला, कोण सांगणार? तुझंही तसंच. बॉटनीची पोरगी इतिहासात गेली असं लोक म्हणतात. तू बॉटनी सोडलेलीच नाहीस.

नान्नजच्या माळावर मचाणावर बसून माळढोक पक्षी मोजतात, त्यांचा विचार कर. अभयारण्य १९७९ मध्ये झालं. हल्ली एखादा दिसला तरी बातमी होते. दिवसभर उन्हात बसून वहीत "दिसला नाही" लिहायचं, हेही संशोधनच. नाही दिसला ही नोंद खोटी झाली तर पुढचं सगळं खोटं.

यावरून एक सांगतो. तूच म्हणालीस की आपल्याकडच्या जुन्या उत्खननांत ज्वारी म्हणून नोंदलेले काही दाणे पुन्हा तपासले तेव्हा शंका आली. मुदत जवळ आली की हात घाई करतो. दाणा ओळखू येत नसेल तर "ओळखता येत नाही" असं लिही. दाणा जळून फुगला, आकार बिघडला, तर तसंच लिही. नानाला बरं वाटावं म्हणून तो इथलाच ठरवू नकोस आणि गाइडला बरं वाटावं म्हणून जुना ठरवू नकोस. प्रत्येक पुडीवर थर, खड्डा, तारीख पेन्सिलीनं लिही, शाई ओलीनं पसरते. वहीचे फोटो काढून ठेव. प्रबंध उशिरा झाला तर झाला, पण दहा वर्षांनी कुणीतरी तुझ्या पुड्या उघडून...

असो. हे सगळं तुला माहीत आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी प्लॉटवर पिशव्या बांधणारा माणूस, पीएचडीच्या पोरीला शिकवायला लागलो. राग मानू नकोस. तुझी वही मी बघितलीय, तुला सांगायची गरज नव्हती. ते अक्षर, ते कोपऱ्यात काढलेलं दाण्याचं चित्र, ते मी केंद्रावरच्या जुन्या लोकांना दाखवलं. साहेब आता थकलेत, पण चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि "९९९वाली का?" म्हणाले.

एक विचारायचं होतं. कार्बन-१४ नं एकट्या दाण्याचंही वय काढता येतं, पण त्यात दाणा संपतो, असं तू सांगितलंस. ५,७३० वर्षांत त्यातला कार्बन-१४ निम्मा उरतो त्या हिशोबानं. मग तुझ्याकडं ज्वारीचे म्हणून खात्रीचे इतके थोडे दाणे असताना त्यातला कुठला द्यायचा हे कोण ठरवतं? तू की गाइड? आणि त्याची फी कोण भरतं? अनुदान आलं नसेल तर एका दाण्यापुरती मी भरतो. पोस्टातली एक ठेव मार्चात सुटतेय. ती वेगळी ठेवलेली आहे, आईला माहीत आहे. नको म्हणू नकोस. त्या दाण्याचं वय किती निघालं ते मात्र सगळ्यांच्या आधी मला कळव, नानाला मी सांगेन.

आईचा आशीर्वाद. अक्का विचारते, पुढच्या वेळी ते पाण्यात ढवळायचं इथं करून दाखवशील का, आपल्या चुलीतल्या राखेचं.

तुझे
अण्णा

ता. क. संतोष म्हणतो, काही ठिकाणी अर्ज केला तर मुदत वाढवून मिळते. पैसे मिळत नसतील, पण नाव राहतं. ऑफिसात एकदा विचारून ठेव. आत्ताच विचार, शेवटच्या वर्षी नको.