तिकीट नोव्हेंबरचं नको, मेचं काढा

ती. आई-बाबा,
सा. न.

कॅनडाचा सुपर व्हिसा (इथल्या मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांसाठीचा) आला, आता एका खेपेत ५ वर्षांपर्यंत राहता येईल, हे बरंच झालं. पण नोव्हेंबरचं तिकीट काढू नका. टोरांटोत डिसेंबरात उजाडायला पावणेआठ होतात आणि पावणेपाचला अंधार. ऊन नाही, बर्फावर घसरायची भीती, घरातले कामावर, आणि दुपारी दोनला माणसांची आठवण येऊन फोन लावावा तर तिकडे रात्रीचे साडेबारा. नव्याने आलेली वयस्क माणसं याच दिवसांत खचतात. मेमध्ये आलात तर थंडीआधी रस्ते आणि दोन-चार ओळखी पक्क्या होतील. इथल्या मराठी भाषिक मंडळाचे कार्यक्रमही त्यातच गाठू.

खरं तर थंडीपेक्षा बारीकसारीक गोष्टींसाठी मुलांच्या तोंडाकडे बघावं लागतं, ते जास्त बोचतं. बाबा, तिकडे बँक, भाजी, दवाखाना तुम्ही एकटे करता. म्हणून इथे दोघांना वेगवेगळ्या किल्ल्या, आणि महिन्याची रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच हातात. दर वेळी मागायची नाही. इथल्या बस-मेट्रोच्या प्रेस्टो कार्डावर ज्येष्ठांचं सवलतीचं भाडं ६५ पूर्ण झाल्यावर मिळतं, पण ओळखपत्र दाखवून ते लावून घ्यावं लागतं. बसने पहिल्यांदा माझ्याबरोबर, दुसऱ्यांदा मी मागच्या सीटवर, तिसऱ्यांदा तुम्ही दोघंच.

आई, नातीला सांभाळायचं ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत. नाहीतर माया कधी ड्यूटी होते ते कळत नाही, आणि मग बोलताही येत नाही.

विमा किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा, वर्षभराचा लागतोच. पण जुन्या आजारासाठी बहुतेक पॉलिसींत प्रकृती ठरावीक महिने स्थिर असण्याची अट असते. त्या मुदतीत गोळीचा डोस बदलला तरी दावा अडकतो. बीपीची गोळी बदलायची असेल तर आत्ताच बदला. बिलाच्या धास्तीने दुखणं लपवणारे इथे कमी नाहीत.

हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून १०,००० लक्सचा (लख्ख उजेडाचा) दिवा घेऊ: सकाळी २०-३० मिनिटं, समोर, पण त्याच्याकडे टक लावायची नाही. बाबा, मोतीबिंदूच्या डॉक्टरांना आधी विचारा. झोप उडाली, जेवण जाईना, अंग दुखतंय असं दोन आठवडे चाललं तर 'वयच झालं' म्हणून सोडायचं नाही, मला सांगायचं.

आणि तिकडचं घर भाड्याने देऊ नका. परतीचं दार उघडं असलं की इथे राहणं सोपं जातं.

तुमची,
सोनू