रियोगोकूच्या मैदानातून

निशी-कासाई, टोकियो
१७ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मग, कशी होती कुस्ती?" मी "मस्त होती" म्हणतेय तोवर आईने फोन ओढून घेतला आणि गाडी नेहमीप्रमाणे माझ्या जेवणावर गेली. ते "मस्त" मलाच पटलं नाही. म्हणून आज ऑफिसातून आल्यावर कागद घेऊन बसलेय. लांबेल, आधीच सांगते.

सोमवारी इथे सुट्टी होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी वयस्कर माणसांच्या मानाची सुट्टी असते. दिवस तुमचा, सुट्टी माझी, असा प्रकार. आमच्या ऑफिसात एक वरिष्ठ बाई आहेत, त्या चाळीस वर्षं सुमो बघतायत. त्यांनी चौघांनी खाली बसायचा चौक घेतला होता आणि ऐनवेळी एक जण गळाला. मला म्हणाल्या, येतेस का? त्यांना कुठे ठाऊक, माझे बाबा कोल्हापूरच्या गंगावेशीच्या तालमीत जोर मारून वाढलेत ते!

रियोगोकू स्टेशनवर उतरलं की समोरच ते हिरव्या छपराचं कोकुगिकान, म्हणजे सुमोचं सभागृह. १९८५ साली सुरू झालेलं, अकरा हजार माणूस बसतं. बाहेर पैलवानांच्या नावांचे रंगीत उभे झेंडे रांगेत फडफडत असतात, आणि उंच मनोऱ्यावर बसून एक जण ढोल वाजवतो. तो आवाज ऐकला आणि मला हलगी आठवली. म्हणजे खरं तर हलगी कशी वाजते तेही मी लांबूनच ऐकलंय. त्याबद्दल पुढे बोलते.

आम्ही साडेदहालाच आत शिरलो. मोठ्या कुस्त्या दुपारी पावणेचारच्या सुमारास सुरू होतात, पण तालमीतल्या पोरांच्या सकाळपासून चालू असतात. बाकीचे लोक जेवून-खाऊन दुपारी येतात. बाईंचं म्हणणं असं की सकाळ बघितली नाही तर काहीच बघितलं नाही. मला ते अगदी पटलं. एवढं थोरलं सभागृह, त्यात माणसं मोजून दोन-तीनशे, आणि मधोमध मातीचा चौथरा. वरून देवळासारखं छप्पर दोरांनी टांगलेलं. पूर्वी त्याला खांब होते, लोकांना नीट दिसावं म्हणून १९५२ साली काढून टाकले. आता खांबांच्या जागी चार कोपऱ्यांना चार रंगांचे गोंडे लोंबतात. चौथऱ्यावर भाताच्या पेंढ्याच्या गुंडाळ्या अर्ध्या पुरून केलेलं वर्तुळ, साडेचार मीटरचं. बस्स. बाबा, एवढ्याशा जागेत दोन डोंगर!

माती लाल नाही, करडी-पिवळी आहे आणि ठोकून ठोकून फरशीसारखी कडक केलेली. ताक, तेल, हळद असलं काही नाही तिच्यात. पण आई, स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूजा होते आणि चौथऱ्याच्या मध्यभागी खड्डा करून त्यात मीठ, तांदूळ, चेस्टनट, समुद्रातलं शेवाळ, वाळवलेली माखली असं पुरतात. नारळ नाही, एवढाच फरक.

नियम दोनच. वर्तुळाबाहेर पाऊल पडलं की हरला, आणि तळपाय सोडून अंगाचं काहीही मातीला लागलं की हरला. पाठ लावायची गरजच नाही, बोट टेकलं तरी खेळ खलास. त्यामुळे कुस्ती पाच-दहा सेकंदांत निकाली निघते. मिनिटभर चालली तर लोक उठून टाळ्या वाजवतात. तुम्ही म्हणाल, ही कसली कुस्ती? मीही पहिला तासभर हेच म्हणत होते. मग हळूहळू लक्षात आलं की खरी कुस्ती आधीच्या चार मिनिटांत असते. वरच्या गटात चार मिनिटं मुभा आहे. येतात, पाय आकाशाकडे उचलून आदळतात, मीठ उधळतात, बसतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, उठतात, पुन्हा कोपऱ्यात जातात, पुन्हा मीठ. आपली खडाखडी हात लावून, ही नुसत्या नजरेने. आणि गंमत म्हणजे सुरू करा असं पंच सांगत नाही. दोघांनी आपले हात मातीला टेकवायचे आणि दोघांचा श्वास जुळला की सुटायचं. एक जण आधी सुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

सकाळच्या त्या रिकाम्या सभागृहात मला दोन डोक्यांची टक्कर ऐकू आली. ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज. पोटात गोळाच आला.

सकाळचा एक मुलगा मनात राहिलाय. असेल सतरा-अठराचा. काळा सुती लंगोट, कारण रंगीत रेशमी लंगोट वरच्या दोन गटांनाच मिळतो. डाव्या गुडघ्याला पट्टी. त्यांचा पंचही पोरसवदा आणि अनवाणी. इथे पंचांचीही चढती भाजणी असते, वर गेलं की पांढरे मोजे मिळतात, आणखी वर गेलं की पेंढ्याच्या चपला. अगदी वरच्या पंचाच्या कमरेला कट्यार असते. निकाल चुकला तर पोट फाडून घेईन, अशी जुन्या काळची खूण. (आपल्याकडच्या काही पंचांच्या कमरेला तुम्ही बांधाल, मला माहितेय.) तर हा मुलगा सुटला, समोरच्याने एक पाऊल बाजूला घेतलं, आणि हा आपल्याच जोरात तोंडावर गेला. दोन सेकंद. अंगाला माती, ओठ फुटलेला. उठला, आपल्या जागी येऊन वाकून नमस्कार केला, खाली उतरला, परत एकदा वळून वाकला आणि चालू लागला. आमच्या मागून एका आजोबांनी त्याच्या नावाने हाक मारली. अख्ख्या सभागृहात तेवढी एकच. त्याने वर बघितलं नाही, पण कान लाल झाले.

बाईंनी सांगितलं, या पोरांना पगार नाही. तालमीत राहायचं-खायचं, वस्तादाची आणि मोठ्या पैलवानांची कामं करायची, पहाटे उठायचं, स्वयंपाक रांधायचा, मोठे जेवल्यावर उरेल ते खायचं. पंधरा दिवसांच्या स्पर्धेत त्यांच्या सातच कुस्त्या. चार जिंकल्या तर वर, नाहीतर खाली. वरचे दोन गट मिळून सत्तर जण, त्यांनाच पगार आणि रोज कुस्ती. बाबा, तुम्ही सांगायचात तसंच ना? वस्तादांचे पाय दाबणं, मोठ्यांची थंडाई घोटणं. मी मध्येच म्हणाले, "आमच्याकडेही असंच." बाईंनी चमकून बघितलं. मग मी त्यांना शाहू महाराजांचं खासबाग मैदान सांगितलं, मधला खोलगट हौदा आणि भोवतीच्या पायऱ्या हातवारे करून दाखवल्या. त्यांनी विचारलं, "तू खूप वेळा बघितलं असशील?"

नाही बघितलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्ही दादाला सायकलवर पुढे बसवून न्यायचात आणि मी दारात उभी राहायचे. "तिथं पोरी येत न्हाईत" म्हणायचात. मी रडून झोपायचे आणि सकाळी दादा मला लपेट कशी टाकायची ते गादीवर करून दाखवायचा. राग नाही आता. पण आहे ते आहे. आता तर आपल्या गावाकडच्या पोरी अंगाला माती लावून मैदानं मारतात.

इथेही त्या चौथऱ्यावर बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही. २०१८ साली माइझुरू शहरात सुमोचा कार्यक्रम होता, तिथले महापौर भाषण करता करता चौथऱ्यावरच कोसळले. गर्दीतून धावत जाऊन काही बायकांनी छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, आणि लाउडस्पीकरवरून घोषणा काय, तर बायकांनी खाली उतरावं! नंतर सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. नियम आहे तिथेच आहे. बाईंना विचारलं, तुम्हाला कसं वाटतं? त्यांनी डब्यातला कोंबडीचा एक तुकडा उचलला, खाल्ला आणि म्हणाल्या, "आवडत नाही. पण चाळीस वर्षं बघतेय." मीही पुढचा तुकडा घेतला.

हां, ती कोंबडी. तळघरातल्या भटारखान्यात काड्यांवर भाजतात आणि डब्यात भरून विकतात, गार खायची. कोंबडीच का, तर ती दोन पायांवर उभी असते. चार पायांच्या जनावराचे पुढचे पाय मातीला टेकलेले, म्हणजे हरलेला पैलवान, म्हणून अशुभ. बाबा, तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या पैलवानांना हे सांगून बघा. आई, पितृपंधरवडा चालू आहे हे मला घरी आल्यावर आठवलं. झालं ते झालं, आजोबांना कुस्तीचं नाव सांगितलंस की ते समजून घेतील.

दुपारनंतर सभागृह भरत गेलं आणि छताखाली चार मोठ्या अक्षरांचं निशाण उतरलं: घर भरलं, आभारी आहोत. वरच्या गटाचे पैलवान जरीकाम केलेले झुलीसारखे एप्रन कमरेपुढे बांधून गोल उभे राहिले. मग दोन योकोझुना, म्हणजे सगळ्यात वरच्या पदाचे पैलवान, एकामागून एक. कमरेला पांढरा जाडजूड दोर, देवळाच्या दारावर बांधतात तसाच. एक होशोर्यू, मंगोलियाचा. दुसरा ओनोसातो, इशिकावाकडचा. पदार्पणापासून तेराव्या स्पर्धेनंतर योकोझुना झाला, इतक्या लवकर आजवर कुणीही झालं नव्हतं. त्याने पाय उचलून आदळला की अकरा हजार माणसं एका सुरात ओरडतात, "योईशो!" मीही ओरडले. घसा अजून बसलेला आहे.

वजनगट इथे नाहीत. सव्वाशे किलोचा पैलवान पावणेदोनशेवाल्यासमोर उभा राहतो आणि लोक अर्थातच छोट्याच्या बाजूने. उरा म्हणून एक आहे, ऑसाकाकडचा, गुलाबी लंगोटवाला, तो आला की बायका-पोरं वेडी होतात. आणि एक आओनिशिकी, युक्रेनचा, एकवीस वर्षांचा. लढाई पेटली तेव्हा देश सोडून इथे आला. तोही किती वाकून नमस्कार करतो, तुम्हाला बघायला हवा होता.

जिंकलेला उड्या मारत नाही, हात वर करत नाही, हसतसुद्धा नाही. पडलेल्याला हात देतो, आपल्या जागी बसतो, पंच पंख्यावर ठेवून इनामाची पाकिटं पुढे करतो आणि हा तळहाताच्या कडेने हवेत तीनदा रेघा मारून ती उचलतो. पुढच्या पैलवानाला पळीने पाणी द्यायचं तेही जिंकलेल्यानेच. हरलेल्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. "जिंकलेल्यानं माजू नये आणि हरलेल्यानं रडू नये" हे तुम्ही दादाला म्हणायचात. दारातून ऐकलेलं आहे मी.

योकोझुना हरला तर लोक बसायच्या उश्या फेकतात. फेकू नका म्हणून घोषणा होते, तरी फेकतात. सोमवारी काही उडाल्या नाहीत. बाईंनी आपली उशी शेवटपर्यंत हातात धरून ठेवली होती, सहज म्हणून.

आता कामाचं. आमचा चौक म्हणजे सव्वा मीटरचा चौरस, त्यात चार माणसं मांडी घालून. पाच वाजेपर्यंत माझे गुडघे गेले, तर बाबांचे काय होतील? पण वरच्या मजल्यावर खुर्च्या असतात. टोकियोत जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशा तीन स्पर्धा होतात. मे महिन्यात तुम्ही दोघं या. थंडी नसते आणि आईचे आंबे घरी दादा बघेल. तिकिटं काही तासांत संपतात, म्हणून महिनाभर आधी मला हो किंवा नाही सांगा. "बघू" म्हणू नका. आणि दिवाळीत मी येईन तेव्हा खासबागेत घेऊन जा मला. कुस्ती नसली तरी चालेल. हौद्यात उतरून बघायचंय.

संध्याकाळी सहाला संपलं. शेवटी एक पैलवान धनुष्य गरागरा फिरवतो, ते झाल्याशिवाय उठायचं नसतं. बाहेर आलो तर स्टेशनजवळच्या दुकानात तो सकाळचा मुलगा. अंगात सुती किमोनो, पायात लाकडी चपला, हातात भाताचे दोन गोळे. केसांना लावायच्या तेलाचा गोडसर वास अख्ख्या दुकानात पसरला होता. ओठावर चिकटपट्टी. पैसे देताना गल्ल्यावरच्या मावशींना तो तसाच वाकला, जसा सकाळी चौथऱ्याखाली वाकला होता.

सोबत एक कागद पाठवतेय, नीट उलगडा, फाटेल. ही बांझुके, स्पर्धेआधी निघणारी पैलवानांची यादी. पंचच ब्रशने लिहितात. वर योकोझुनांची नावं ठसठशीत, आणि जसजसा गट खाली तसतशी अक्षरं बारीक होत जातात. अगदी तळाच्या ओळीतल्या पोरांना इथले लोक 'भिंग' म्हणतात, कारण त्यांची नावं वाचायला भिंग लागतं. बाईंनी शोधून दिलेलं त्या मुलाचं नाव मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलंय. बाबा, तुमचं भिंग पेपरांच्या रद्दीत शोधू नका. आईच्या शिवणाच्या डब्यात आहे, गणपतीत आले होते तेव्हा मीच ठेवलं होतं.

तुमची,
ताई