वजनमर्यादा वाढवताना नाशिकचा उन्हाळाही मोजा

महोदय,

छोट्या विमानाला दणकट इंजिन बसवले की त्याची वजनमर्यादाही वाढवता येते, असे ओझरच्या विमान कारखान्याशेजारी वाढलेल्या आम्हा नाशिककरांनाही वाटते. ते अर्धेच खरे. ‘सेसना १७२’ या चार आसनी छोट्या विमानाची मर्यादा २३०० वरून २४०० पौंड झाली तेव्हा फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली झुकणाऱ्या झडपा) ४० ऐवजी ३० अंशांपर्यंतच उघडतील, अशी अट आली. उतरणे रद्द करून पुन्हा वर जाताना पूर्ण उघडे फ्लॅप चढाई रोखतात, म्हणून. वजनाबरोबर स्टॉलचा वेगही (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो) वाढतो आणि धावपट्टी जास्त लागते. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. मे महिन्यातल्या दुपारी हवा आणखी विरळ, म्हणजे चढाई आणखी कठीण! डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) वाढीव वजनाला मंजुरी देताना अशा हवेतले चढाईचे तक्तेही मागावेत.

– एक वाचक, नाशिक रोड